चौथा बोळा

ऑपेरा हाउसच्या सिग्नलला शेजारच्या मोटरसायकलवाल्याने हेल्मेटची काच वर केली आणि मला म्हणाला, "साहेब, गाडी फुटलीय तुमची." एवढं बोलून त्याने काच खाली केली, सिग्नल सुटला आणि तो गेला. मी तिथेच राहिलो. मागचे हॉर्न वाजवत होते. महिनाभर मी तो आवाज ऐकत होतो. सकाळी गाडी सुरू केली की टकटक व्हायची, मग इंजिन तापलं की कमी व्हायची, आणि ती कमी झाली की मी विसरून जायचो. मी दातांचा डॉक्टर आहे. सहा महिने दाढ ठणकत असताना "कालपासून जरा दुखतंय" म्हणत खुर्चीत येऊन बसणाऱ्या माणसांना मी रोज झापतो. त्यांना उलट बोलता येत नाही, कारण त्यांचं तोंड मी उघडून ठेवलेलं असतं, हा माझ्या व्यवसायाचा मोठा फायदा आहे. पण त्या दिवशी एका अनोळखी माणसाने मला तोंडावर सांगितलं आणि मला उत्तर देता आलं नाही. घरी येईपर्यंत मला वाटत राहिलं की हा माणूस गाडीबद्दल बोलला ते ठीक, पण आणखी काही त्याला दिसलं असतं तर तेही त्याने असंच सांगून टाकलं असतं.

गाडी आमच्या लग्नाच्या वर्षी घेतलेली, म्हणजे एकोणीस वर्षांची. मेघना, माझी बायको, ती माझ्यापेक्षा बरी चालवते आणि तसं ती मला सांगतेही. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून बॅटरी मारली आणि बोटाने दाखवलं. इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा धूर एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारा जो ओतीव लोखंडाचा भाग असतो, त्याला उभा तडा गेला होता. हा भाग आता मिळत नाही, डॉक्टर, काढून टाका गाडी, असं तो म्हणाला. मला राग आला. तडा गेला म्हणून मी काही कोणाचा दात उपटत नाही, आधी वाचवायला बघतो. दोन दिवस विचारत फिरल्यावर चिंचपोकळीला पुलाच्या अलीकडे एक वर्कशॉप सापडलं. तिथला वेल्डर तुटका भाग हातात घेतल्याशिवाय नुसत्या मापांवरून नळ्या वाकवून नवीन बनवून देतो. ह्या भागाला ते लोक हेडर म्हणतात. चार दिवसांनी मी तो वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि जेवणाच्या टेबलावर ठेवला. स्टीलच्या चार वाकड्या नळ्या, पुढे जाऊन एकीत मिळालेल्या, आणि प्रत्येक सांध्यावर वेल्डिंगची अशी सारखी, बारीक टीप की मला त्या माणसाच्या हाताचा हेवा वाटला. मी इतका वेळ बघत बसलो की मेघनाने विचारलं, ह्याची काय दृष्ट काढायचीय का. मग मी जाहीर केलं की हे मी स्वतः बसवणार. ती हसली नाही, हे मला जास्त लागलं.

गिरगावात आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये दुरुस्तीला मनाई आहे. तशी पाटी आहे, आणि ती लावली तेव्हा कमिटीवर मीच होतो. त्यामुळे लालबाग. मेघनाचं माहेर लालबागला, मिलच्या चाळीत, खाली मोठं फरसबंद अंगण, तिथे गणपतीच्या मंडपापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत काय वाटेल ते होतं, गाडी उघडली तर कोणी काही म्हणणार नव्हतं. हे मी मेघनाला सांगितलेलं कारण. खरं कारण दुसरं होतं आणि ते तिला माहीत होतं. चाळ पडणार होती. नवी इमारत होईपर्यंत चार वर्षं, कदाचित सहा, सगळ्यांनी बाहेर राहायचं होतं, आणि माझ्या सासूबाईंनी, वय वर्षं एकाहत्तर, ठरवून टाकलं होतं की त्या कणकवलीजवळच्या गावी जाऊन दिरांच्या बंद घरात एकट्या राहणार. पुढच्या रविवारचा टेम्पोही सांगून झाला होता. मेघनाने त्यांना आमच्याकडे ये म्हणून तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या "नको गे बाय" म्हणाल्या आणि विषय बदलला. मग मेघनाने मला सांगितलं की आता तू विचार, तुझं घर आहे, तू विचारल्याशिवाय ती येणार नाही. मी "बघू" म्हणालो. असं "बघू" मी तीन आठवडे म्हणत होतो. त्या गावातल्या घराला सहा महिने पाणी नसतं, जवळचा दवाखाना आठ किलोमीटरवर आहे, आणि सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, हे सगळं मला माहीत होतं. तरी कोणाला तरी समोर बसवून "या" म्हणणं मला जमत नव्हतं. टकटक करत गाडी लालबागला नेणं त्या मानाने सोपं होतं.

टेम्पोच्या आदल्या रविवारी सकाळी नऊला पोचलो तर व्हायचं ते झालं. जावई आला. अंगणात खुर्ची आली, खुर्चीवर चादर आली, तांब्याभांडं आलं. सासूबाई पहिल्या मजल्याच्या कठड्याशी उभ्या होत्या त्या खाली आल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि मेघना कशी आहे ते विचारून दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या. एकोणीस वर्षं त्या अशाच दोन पावलं मागे उभ्या राहत आल्या आहेत. मला त्या डॉक्टर म्हणतात. आमच्या घरी आल्या तर पाणी पितात, खुर्चीच्या कडेवर बसतात, जेवायच्या वेळेआधी उठतात. मी शर्ट काढून जुना बनियन चढवला आणि बॉनेट उघडलं, तेव्हा चाळीत जी खळबळ झाली ती सांगण्यासारखी आहे. समोरच्या खोलीतला वैभव, बसडेपोत मेकॅनिक, तिशीतला, हसरा, धावत आला आणि माझ्या हातातला पाना घ्यायला लागला. सासुरवाडीला येऊन जावयाने हात काळे करायचे हे त्याला बघवेना. मी पाना सोडेना. शेवटी तो म्हणाला, "भावजी, निदान खालचं तरी मला करू द्या, तुम्ही गाडीखाली झोपलात तर काकी मला उद्या चहा नाय देणार." तेवढं मी मान्य केलं. तो गोणपाट टाकून गाडीखाली सरकला, सायलेन्सरकडचा जोड त्याने पाच मिनिटांत मोकळा केला, वरच्या आठ नटांना ऑइल मारलं आणि दुपारपाळीला निघून गेला. जाताना एवढंच म्हणाला की घाई करू नका, गंजलेला नट रुसलेला असतो. हे त्याने इतक्या आदराने सांगितलं की ती सूचना आहे हे मला तासाभराने कळलं.

आठही नट निघाले. ह्याचा मला एवढा आनंद झाला की मी वर बघितलं, कोणी बघतंय का. कठड्यावर सात-आठ माणसं होती. तडा गेलेला तो जड तुकडा मी दोन्ही हातांनी बाहेर काढून फरशीवर ठेवला. आत इंजिनाची चार तोंडं उघडी पडली, काळी, काजळलेली, एका ओळीत. मला ती ओळखीची वाटली. आत कचरा जाऊ नये म्हणून बोळे हवे होते. सासूबाईंनी न मागता एक जुनी सुती साडी आणली, दातांनी कड तोडून तिचे चार सारखे तुकडे फाडले आणि खुर्चीच्या हातावर ठेवून परत मागे गेल्या. मी म्हणालो, आई, तुम्ही कशाला, तुम्ही बसा. सकाळपासून हे माझं तिसऱ्यांदा झालं होतं. चौथं तोंड अगदी कोपऱ्यात, अंधारात होतं, म्हणून तिथला बोळा मी जरा जास्तच आत दाबला, हिरडीत कापूस दाबतो तसा. मग दवाखान्यातून आणलेली माझी जुनी अवजारं काढली. दातांवरचं किटण खरवडायची वाकडी सळई आणि बारीक दांडीचा छोटा आरसा. त्यांनी मी सांध्यातल्या जुन्या पॅकिंगचा जळून बसलेला थर खरवडायला लागलो. आरशात बघत, मागच्या बाजूने, एकेक पापुद्रा. कठड्यावरून कोणीतरी म्हणालं की डॉक्टरांनी गाडीचे दात काढले, आणि सगळे हसले, मीही हसलो. त्या एका तासात मी सुखी होतो. वडील माझे सचिवालयात होते, आजोबा पोर्ट ट्रस्टमध्ये, आमच्या घरात पेनाशिवाय हत्यार नव्हतं, फ्यूज उडाला तरी माणूस बोलवायचे. मी दंतवैद्य झालो तेव्हा आईने नातेवाइकांना "डॉक्टर" एवढंच सांगितलं. आणि आता मी लालबागच्या अंगणात कोपरापर्यंत काळा होऊन उभा होतो आणि माझ्या हाताखालचं लोखंड चकचकीत होत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मेघनाचा. तिने गाडीचं विचारलंच नाही. "विचारलंस का?" म्हणाली. मी म्हणालो, काम चालू आहे, बघतो. पलीकडे ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा काय म्हणत असते ते मला एकोणीस वर्षांत पाठ झालं आहे. मी फोन खिशात टाकला आणि मागे न बघता, कारण मागे दोन पावलांवर सासूबाई उभ्या होत्या आणि त्यांनी ऐकलं असणार, भराभर बोळे काढले, खाली टाकले, नवीन पॅकिंग लावलं, हेडर उचलून जागेवर धरला. तो जागेवर असा बसला की चिंचपोकळीच्या त्या माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला. सात नट लागले. आठवा लागेना. तो चौथ्या नळीच्या खाली, मागच्या अंगाला होता. दिसत नव्हता, आरसा धरला तर हात जात नव्हता, हात घातला तर आरसा राहत नव्हता. नट दोन बोटांत धरून तिथपर्यंत न्यायचा, इंजिनातून बाहेर आलेल्या आट्यांच्या दांडीच्या, म्हणजे स्टडच्या, टोकाला टेकवायचा, फिरवायचा, आणि तो पडायचा. पडला की गाडीखाली जाऊन शोधायचा. असं किती वेळ चाललं कोण जाणे. कठड्यावरची माणसं जेवायला गेली. घाम डोळ्यांत जात होता. अक्कलदाढेच्या मागे, जिभेच्या पलीकडे, न बघता सुई घालणारा मी माणूस, आणि एक बारा नंबरच्या पान्याचा नट मला लागेना. नवव्यांदा की दहाव्यांदा पडला तेव्हा मागून आवाज आला, "मी बगू काय जरा?"

मी बाजूला झालो. त्यांनी बांगड्या कोपराकडे सरकवल्या, पदर खोचला, माझ्या तळहातावरचा नट उचलला आणि अंगठा आणि पहिल्या बोटात धरून जरासा चोळला, जसं कापड बघताना चोळतात. मग हात आत घातला. इंजिनाकडे त्या बघतच नव्हत्या. समोर फाटकाकडे बघत होत्या, चेहरा स्वस्थ, दूरचं काही ऐकत असल्यासारखा. फक्त दंडाजवळची एक शीर हलत होती. सासूबाई सत्तावीस वर्षं मिलमध्ये वाइंडिंग खात्यात होत्या. हे मला लग्नाआधीपासून माहीत होतं आणि ह्याचा अर्थ काय तो मी कधी विचारला नव्हता. एकदा मेघनानेच सांगितलं होतं की भिरभिरणाऱ्या बॉबिनींच्या रांगेसमोर आई उभी असायची, धागा तुटला की दोन टोकं पकडून गाठ मारायची, बोटांनीच, आणि गाठ इतकी बारीक असायला लागायची की ती पुढे कापडात कोणाच्या नजरेला येता कामा नये. दिवसाला हजारेक गाठी. मी तेव्हा "हो का" म्हणालो होतो. आता त्यांचा हात इंजिनात होता आणि मला ऐकू आलं की त्या हळूच म्हणताहेत, पयला उलटा फिरवायचा. मी कान दिला. नट त्या उलट्या दिशेने फिरवत होत्या, घट्ट करायच्या नव्हे, सोडायच्या दिशेने. आणि मग अगदी बारीक टक् झालं. नटाचे आटे स्टडच्या आट्यांच्या तोंडाशी आले तो आवाज. त्याबरोबर त्यांनी दिशा बदलली आणि नट सरसर वर चढला. त्यांनी हात बाहेर काढला. मिनिटसुद्धा झालं नव्हतं. मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिलो. सुजलेली पेरं, अंगठ्याच्या नखाला उभी भेग, आणि शेंडे इतके गुळगुळीत की त्यांवर रेषाच उरल्या नव्हत्या. कॉलेजात आम्हाला एक म्हातारे प्राध्यापक होते, डोळे मिटून बोटाने दाताची मुळं सांगायचे, त्यांच्या पायाशी बसायला आम्ही मरायचो. तसा माणूस माझ्या घरात पाणी पिऊन खुर्चीच्या कडेवरून उठून जात होता, आणि मी पेपर वाचत होतो. मला त्यांचे हात धरावेसे वाटले. धरले नाहीत. "वा, आई," एवढं म्हणालो, आणि ते किती कमी आहे हे म्हणतानाच कळलं.

पाना लावून सगळे नट आवळले, चावी फिरवली. गाडी सुरू झाली आणि तिला हुडहुडी भरली. अख्खी गाडी हलत होती, बॉनेट थरथरत होतं, इंजिन गुदमरल्यासारखं आचके देत होतं, आणि मग वास आला. जळक्या कापडाचा. हेडरच्या सांध्यातून धुराची पिवळी रेघ निघाली. मी चावी बंद केली. पहिला विचार आला तो चिंचपोकळीच्या त्या माणसाला शिव्या देण्याचा, दुसरा गाडी विकण्याचा. मग फरशीवर लक्ष गेलं. टाकलेले बोळे तिथे पडले होते. एक, दोन, तीन. मी परत मोजले. मग मान वर केली तर सासूबाई माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात नव्हतं.

"आई, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं होतं. तीन काढलेत तुमी. चौथा आतच ऱ्हायला."

"मग बोलला का नाहीत?"

त्या क्षणभर गोंधळल्या. मी काहीतरी चमत्कारिकच विचारलं होतं. "जावयाला कसं बोलायचं?" त्या म्हणाल्या.

त्यात टोमणा नव्हता. पाऊस पडला की छत्री घ्यावी इतकं ते साधं होतं. मला राग आला, तो आधी त्यांचा आला. म्हणजे आठवा नट त्यांनी बसवला तेव्हा त्यांना ठाऊक होतं की तो परत काढायचा आहे. तरी त्यांनी तो तितक्याच मन लावून बसवला. मग राग कुठेतरी वाकला आणि माझ्याकडे आला. मला आमच्या साखरपुड्याआधीची एक दुपार आठवली. आमच्या दिवाणखान्यात मेघनासाठी घेतलेला शालू उघडून ठेवला होता. सासूबाईंनी तो दोन बोटांत धरला, पुढे सरकवत नेला, एका ठिकाणी थांबल्या आणि माझ्या आईला म्हणाल्या, हितं दोन धागे चुकलेत, दुकानदाराला परत द्या, तो बदलून देईल. आईने शालू त्यांच्या हातातून काढून घडी घातली. "आमच्याकडे आणलेल्या वस्तूत खोट काढायची पद्धत नाही," असं ती म्हणाली, गोड आवाजात. मी तिथेच होतो. चहा पीत होतो. आई आता नाही, ती वाईट नव्हती, पण त्या दिवसानंतर ह्या बाईने आमच्या घरातल्या कशालाही बोट लावलं नाही. आणि दिसायचं तर थांबलं नसणार. मेघनाचं ऑपरेशन झालं तेव्हा मी दवाखाना बंद करून रात्री नऊला पोचलो, त्या सकाळपासून बाकावर होत्या. एका वर्षी मी आणि मेघना दोन महिने एकमेकांशी बोलत नव्हतो, तेव्हा त्या दोनदा येऊन गेल्या. पाणी प्यायल्या, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दादरहून आणलेली वेणी ठेवून गेल्या. तीन बोळे बाहेर, एक आत. सगळं त्यांनी मोजलं असणार. माझ्या खुर्चीतल्या रोग्याचं तोंड मी हातांनी उघडून ठेवतो म्हणून तो बोलत नाही. ह्यांचं तोंड आम्ही मान देऊन बंद ठेवलं होतं.

हात काळे, बनियन भिजलेला, गाडी मेलेली. ह्याहून वाईट मुहूर्त मिळाला नसता. मी म्हणालो, "आई, गावाला जाऊ नका. आमच्याकडे चला राहायला."

त्या फाडलेल्या साडीचा उरलेला भाग उचलून बोटं पुसत होत्या. एकेक बोट, मुळापासून टोकापर्यंत. "मेघनानं सांगितलं वाटतं विचारायला."

"मेघना तुम्हाला तीनदा विचारून दमली. हे मी विचारतोय."

"लेकीकडे पावणी म्हणून चार दिवस ऱ्हाणं ठीक, डॉक्टर. पुढे काय? तुमी जेवलात का विचारणार, मी जेवले म्हणणार. तुमच्या घरात श्वास पण बेतानं घ्यावा लागतो मला. गावाला पाणी नाय, माणूस नाय, पण मोठ्यानं खोकता तरी येईल."

हे ऐकताना मला काय झालं ते सांगतो. मला रडू येईल असं वाटलं. एका दमेकरी बाईला आमच्या घरात खोकायचीही चोरी होती, आणि आम्ही त्याला तिची रीत समजत होतो. "पाहुणी म्हणून येऊ नका," मी म्हणालो. "जे दिसेल ते बोला. माझ्या तोंडावर. आत्ता गप्प बसलात तसं बसायचं नाही."

"झेपंल तुमाला?"

"नाही झेपणार. तरी बोला."

वर कोणाच्या तरी खोलीत कुकरची शिट्टी झाली. मग त्या दोन पावलं पुढे आल्या, गाडीपाशी, आणि उघड्या बॉनेटच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. आम्ही इतके जवळ कधी उभे राहिलो नव्हतो.

"मगे ऐका. एकोणीस वर्षं तुमी माझ्याशी मेघनाच्या तोंडानं बोललात. दिवाळीला या म्हणून मेघना सांगणार. आजारी पडले तर बऱ्या आहात काय ते मेघना विचारणार. हे गेले, त्यांच्या वर्षश्राद्धाला आलात, हार घातलात, माझ्याशी एक शब्द बोलला नाय. मी म्हणायची, मोठ्या घरचा माणूस, आपण त्यांना आवडत नाय. नाय तर नाय. मुलीला सुखात ठेवतात ना, बास झालं."

मी सांगायला तोंड उघडलं. काय सांगणार होतो देव जाणे. दवाखान्याची गर्दी, माझा स्वभाव, घरचं वळण. त्यांच्या बोटांकडे बघितलं आणि खरं तेच निघालं. "मला तुमची भीती वाटते," मी म्हणालो. "तुम्हाला सगळं दिसतं म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग हसल्या. मेघना हसते तसंच, एका बाजूने आधी. हे साम्य मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. "येते मी," त्या म्हणाल्या. "टेम्पोवाल्याला गिरगावचा पत्ता द्यायला लागेल. आता हे खोला परत. एकदम सोडू नका, अर्धा अर्धा फेरा, सगळ्यांना सारखा. नायतर तुमच्या त्या नळ्या वाकतील."

आम्ही परत खोललं. मी पाना धरला, त्या सांगत गेल्या. आधी हलक्या आवाजात, मग जरा मोठ्याने, मग "अवो, तो नव्हे, त्याच्या शेजारचा." दोनदा मी चिडलो, एकदा पाना आपटला. त्या थांबल्या नाहीत. आठवा नट त्यांनी काढला आणि चौथा बोळाही त्यांनीच, इंजिनाच्या धक्क्याने तो गेला होता त्या हेडरच्या चौथ्या नळीत दोन बोटं घालून, अर्धवट जळालेला, काळा, धूर सोडत असलेला. तो त्यांनी फरशीवर बाकीच्या तिन्हींशेजारी ठेवला आणि मला मोजायला लावलं. मी मोठ्याने मोजले. परत सगळं चढवून मी चावी फिरवली तेव्हा अडीच वाजून गेले होते. गाडी इतकी हळू बोलायला लागली की कठड्यावर परत आलेल्या माणसांना ती सुरू आहे की नाही ते कळेना. वैभव पाळीवर होता म्हणून हळहळ वाटली. सासूबाईंनी बॉनेटवर तळवा ठेवून बघितला, आणि गाडीच्या उजव्या पुढच्या चाकात हवा कमी आहे, तीही भरा, असं सांगून त्या जिना चढायला लागल्या.

साबणाने हात धुतले तरी काळे ते काळेच. वर गेलो, नेहमीच्या जागी पलंगावर बसलो. सासूबाई शेगडीशी पाठमोऱ्या होत्या, कालवणाला उकळी आली होती, भाताचं झाकण त्यांनी काढून बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत वाट बघत होतो. त्यांनी वळून बघितलं.

"बसलात काय? ताटं घ्या."

मी उठलो. दहा बाय बाराची खोली, आणि मला कुठे बघायचं ते कळेना. एकोणीस वर्षांत इतक्या वेळा ह्या खोलीत जेवलो, आणि ताटं कुठे ठेवतात ते मला माहीत नव्हतं. विचारलं, तर त्या भाताकडेच बघत म्हणाल्या, "शोधा." मी पहिलं फडताळ उघडलं. तिथे डबे होते.